जमिनीपर्यंत न पोचलेली सळई

१० मे १७५२. पॅरिसच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर मार्ली-ला-व्हिल नावाचं खेडं आहे. तिथे दुपारी दोन वाजून वीस मिनिटांच्या सुमारास ढग गडगडले आणि क्वाफिये नावाचा एक निवृत्त घोडेस्वार शिपाई हातात काचेची बाटली घेऊन बागेकडे धावला. बाटलीच्या तोंडात पितळी तार खोचलेली होती. बागेत चाळीस फूट उंचीची, जेमतेम इंचभर जाडीची लोखंडी सळई उभी होती. तिला आधार होता तीन लाकडी खांबांचा, पण खांबांना ती रेशमी दोऱ्यांनी बांधलेली होती. आणि तिचं खालचं टोक ज्या तिवईवर टेकलं होतं, त्या तिवईचे पाय म्हणजे दारूच्या रिकाम्या बाटल्या होत्या. थोडक्यात, सळईचा जमिनीशी कुठेही संबंध येणार नाही अशी चोख व्यवस्था केलेली होती.

क्वाफियेने तारेचं टोक सळईजवळ नेलं. चट्‌ आवाज होऊन ठिणगी उडाली. पुन्हा नेलं, आणखी मोठी ठिणगी. त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि गावच्या पाद्र्याला बोलावणं धाडलं. पाद्री राउले गारांचा मारा झेलत पळत सुटला. धर्मगुरू अशा वादळात धावतोय म्हटल्यावर गावाने एकच अर्थ काढला, की क्वाफियेवर वीज पडली आणि आता त्याच्यासाठी अखेरची प्रार्थना म्हणायची आहे. सगळं गाव मागोमाग निघालं. बागेत पाहतात तो क्वाफिये धडधाकट उभा! राउलेने तार स्वतःच्या हातात घेतली आणि चार मिनिटांत निदान सहा वेळा ठिणग्या काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी किती वेळ लागला हे त्याने घड्याळावर मोजलं नाही. एक ‘पातेर’ आणि एक ‘आवे’ म्हणून होईल इतका, असं त्याने पत्रात लिहिलं. प्रार्थना हेच त्याचं कालमापन होतं. मध्येच त्याच्या दंडाला चाबूक बसावा तसा फटका बसला आणि वळ उठला. घरी परतल्यावर लोक म्हणाले, तुमच्या अंगाला गंधकाचा वास येतोय.

ही सगळी मांडणी ज्याची होती तो तोमा-फ्रांस्वा दालिबार त्या दिवशी पॅरिसमध्ये होता. राउलेचं पत्र घेऊन क्वाफियेच त्याच्याकडे गेला आणि तीन दिवसांनी, १३ मे रोजी, दालिबारने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे निवेदन वाचलं. ढगांतली वीज आणि काचेची नळी घासून निघणारी ठिणगी या दोन्ही एकच, हे माणसाने पहिल्यांदा सिद्ध करून दाखवलं ते असं. आपल्याकडे शाळेत आपण फ्रँकलिन, त्याचा पतंग आणि किल्ली एवढंच शिकतो. फ्रँकलिनचं मोठेपण पुढे येईलच; पण ढगाखाली हात पुढे करणारा पहिला माणूस एक म्हातारा शिपाई होता आणि दुसरा गावचा पाद्री, हे मुलांना सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं.

या ठिणगीच्या मागे दीडशे वर्षांचं घासणं होतं. अंबर घासलं की काडीकचरा ओढून घेतं, एवढं ग्रीकांना माहीत होतं. १६०० साली इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने दाखवलं की हा गुण एकट्या अंबराचा नाही. काच, गंधक, लाख अशा कितीतरी वस्तू घासल्यावर तसंच वागतात. पुढे माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेने गंधकाचा गोळा फिरवून त्यावर हात धरला, लंडनच्या फ्रान्सिस हॉक्सबीने हवा काढून टाकलेला काचेचा गोळा फिरवला आणि अंधारात त्याच्या आत उजेड पडलेला पाहिला. हे आपल्याही अनुभवातलं आहे. थंडीत कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. पावसाळ्यात मात्र तोच कंगवा काही करत नाही, कारण दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि साठलेला प्रभार त्यावरून निसटून जातो. अठराव्या शतकातले प्रयोगकर्ते या दमटपणाने हैराण व्हायचे.

खरा पल्ला गाठला तो स्टीफन ग्रे या माणसाने. हा कँटरबरीचा रंगारी, कापड रंगवणाऱ्या घरातला. उतारवयात तो लंडनमधल्या चार्टरहाउस या धर्मादाय आश्रयस्थानी राहत होता. त्याच्याकडे काचेची एक लांब नळी होती आणि धूळ जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही तोंडांना त्याने बुचं लावली होती. १७२९ मध्ये नळी घासताना त्याच्या लक्षात आलं की पीस नळीकडे जसं ओढलं जातंय तसं बुचाकडेही जातंय. बूच तर घासलेलं नव्हतं! म्हणजे नळीतलं काहीतरी बुचात गेलं. मग त्याने बुचात काडी खोचली, काडीला हस्तिदंती चेंडू लावला, चेंडूकडेही पीस आलं. काडीऐवजी सुतळी लावली, सुतळी सज्जातून खाली सोडली, तरी तेच. उंची संपली तेव्हा आडवं जायचं ठरलं आणि त्यासाठी तो केंट परगण्यातल्या ऑटरडेन इथे ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या वाड्यात गेला.

तिथे जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर पान वाटतं. लांब सुतळी अधांतरी ठेवायला आधार लागणार. आधार बारीक असला तर गळती कमी होईल, या हिशोबाने व्हीलरने रेशमाचा धागा सुचवला. प्रयोग जमला. पण सुतळी आणखी लांबवली तेव्हा तिच्या वजनाने रेशीम तुटलं. तितकीच बारीक आणि मजबूत म्हणून त्यांनी पितळी तार लावली. आणि सगळंच थांबलं. नळी कितीही घासा, पलीकडच्या टोकाला पीस हलेना. जाडी तेवढीच, मग फरक कशाचा? फरक रेशमाचा आणि पितळेचा. काही पदार्थ विजेला वाट देतात आणि काही अडवून धरतात, हे ज्ञान माणसाला तुटलेल्या धाग्यामुळे मिळालं. रेशमाचे आधार देऊन त्यांनी पुढे सातशे पासष्ट फुटांपर्यंत वीज नेली.

पुढच्या वर्षी, १७३० च्या एप्रिलमध्ये, ग्रेने एका मुलाला आडवं करून दोऱ्यांवर अधांतरी टांगलं आणि घासलेली नळी त्याच्या पायांजवळ धरली. पितळेच्या वर्खाचे तुकडे उडून मुलाच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे झेपावले. माणसाचं शरीर विजेला वाट देतं, हे त्यातून कळलं. या एका वाक्यात पुढच्या सगळ्या दुर्घटना दडलेल्या आहेत, पण तेव्हा ती गंमत होती. युरोपभर दिवाणखान्यांत हा खेळ सुरू झाला. विटेनबर्गचा प्राध्यापक बोझं विद्युतभारित तरुणीचं चुंबन घ्यायला पाहुण्यांना बोलवायचा आणि ओठांवर ठिणगी उडायची.

१७४५-४६ च्या हिवाळ्यात गंमत एकदम गंभीर झाली. पोमेरेनियातल्या फॉन क्लाइस्टला आणि त्याच्या पाठोपाठ हॉलंडमध्ये लायडनच्या पीटर फान म्यूसेनब्रूकला कळलं की पाणी भरलेली काचेची बाटली हातात धरून तिच्यात वीज साठवता येते. दुसऱ्या हाताने तिच्या तारेला शिवल्यावर म्यूसेनब्रूकला असा धक्का बसला की अख्खं फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा हा प्रयोग करणार नाही, अशा अर्थाचं त्याने पॅरिसला कळवलं. व्हर्सायला आबे नोले या विजेच्या अभ्यासकाने राजापुढे एकशे ऐंशी शिपाई हातात हात धरून उभे केले आणि या बाटलीचा, म्हणजे लायडन जारचा, धक्का दिला. सगळे एकाच क्षणी उडाले.

अटलांटिकच्या पलीकडे, फिलाडेल्फियात, बेंजामिन फ्रँकलिन या छापखानेवाल्याच्या हाती लंडनच्या पीटर कॉलिन्सनने पाठवलेली काचेची नळी पडली आणि तो या विषयात बुडून गेला. धन आणि ऋण ही नावं त्याने दिली. टोकदार धातू दूरवरूनच भारित वस्तूची वीज गुपचूप उतरवून घेतो, हे त्याने घरी करून पाहिलं. नोव्हेंबर १७४९ मध्ये त्याने आकाशातली वीज आणि प्रयोगातली ठिणगी यांच्यातली बारा साम्यं वहीत मांडली: प्रकाश, रंग, नागमोडी वाट, वेग, आवाज, धातूंतून वाहणं, प्राण्यांना मारणं, धातू वितळवणं, गंधकासारखा वास, वगैरे. एकच प्रश्न उरला होता. टोकदार धातू प्रयोगातली वीज ओढतो, मग ढगातली ओढेल का? प्रयोग करूनच ठरवावं, असं त्याने लिहिलं.

जुलै १७५० मध्ये कॉलिन्सनला पाठवलेल्या लिखाणात त्याने प्रयोगाची कृतीही सांगितली. उंच मनोऱ्यावर पहारेकऱ्याच्या खोपटासारखी एक खोली करावी, तिच्यात माणूस उभा राहील असं विद्युतरोधक आसन ठेवावं, आसनातून वीस-तीस फुटांची टोकदार सळई वर न्यावी. ढग खाली आले की माणसाच्या अंगातून ठिणग्या काढता येतील. आणि त्याने पुढे एक सूचना जोडली: धोका वाटत असेल तर माणसाने साध्या जमिनीवर उभं राहावं, मेणाच्या मुठीने धरलेलं तारेचं वेटोळं सळईजवळ न्यावं आणि त्या तारेचं दुसरं टोक छपराच्या शिशाच्या पत्र्याला जोडलेलं असावं. मग ठिणगी सळईतून तारेत जाईल, माणसाला काही होणार नाही. ही सूचना वाचकाने लक्षात ठेवावी.

लंडनमध्ये ही पत्रं १७५१ साली पुस्तकरूपाने निघाली. फ्रान्समध्ये निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँने ते पुस्तक दालिबारकडून भाषांतरित करून घेतलं. नोले या विषयातला फ्रान्सचा पहिला माणूस. पुस्तक वाचून तो इतका चिडला की अमेरिकेतून असं काही येऊ शकतं यावर त्याचा विश्वासच बसेना, पॅरिसमधल्या शत्रूंनी ते रचलं असावं असं त्याला सुरुवातीला वाटलं. हे खुद्द फ्रँकलिनने आत्मचरित्रात सांगितलंय. दालिबारने भाषांतरावर न थांबता मार्लीत सळई उभी केली आणि पुढचं आपण पाहिलं. मार्लीनंतर आठ दिवसांनी, १८ मे रोजी, देलोर नावाच्या प्रयोगकर्त्याने पॅरिसमध्ये नव्व्याण्णव फुटी सळईवर तेच करून दाखवलं. फ्रँकलिन मात्र फिलाडेल्फियातल्या ख्राइस्ट चर्चचा मनोरा बांधून होण्याची वाट पाहत थांबला होता. मग त्याला पतंगाची युक्ती सुचली. रेशमी रुमालाचा पतंग, तागाची दोरी, दोरीला किल्ली, हातात कोरडी रेशमी फीत, आणि पाऊस फितीवर पडू नये म्हणून दारात आडोशाला उभं राहणं. सोबत वयात आलेला मुलगा विल्यम. हे १७५२ च्या जूनमधलं, पण वर्तमानपत्रात त्याची हकिगत १९ ऑक्टोबरला आली आणि तपशील पंधरा वर्षांनी जोसेफ प्रीस्टलीच्या ग्रंथात.

इथे एक गैरसमज दूर करणं जरुरीचं आहे. मार्लीच्या सळईवर किंवा फ्रँकलिनच्या पतंगावर वीज पडली नव्हती. तशी पडली असती तर क्वाफिये, राउले, फ्रँकलिन यांपैकी कोणीही वाचलं नसतं. वादळी ढगात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारांचे कण एकमेकांवर आदळत असतात. त्यात हलके स्फटिक धन होऊन वर जातात, जड कण ऋण होऊन खाली राहतात. असा भारित ढग डोक्यावर आला की खालच्या प्रत्येक उंच धातूत प्रभार ओढला जातो. वीज कोसळायच्या आधीच सळई भारित होते आणि ठिणग्या द्यायला लागते. मार्लीत मिळाल्या त्या या ठिणग्या. सेंट-जर्मेनला लमोनिये या वैद्याने त्याच वर्षी आणखी पुढची गोष्ट टिपली: ढग नसताना, निरभ्र आकाशाखालीही हवेत थोडी वीज असतेच. आज आपण मोजतो तेव्हा स्वच्छ हवेत जमिनीजवळ दर मीटरला साधारण शंभर व्होल्टचा फरक सापडतो.

मार्लीची बातमी त्याच उन्हाळ्यात रशियाच्या राजधानीत पोचली. पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेओर्ग विल्हेल्म रिखमान हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. जन्म १७११ चा, आजच्या एस्टोनियातल्या पर्नू गावचा. तो जन्मण्याआधीच वडील प्लेगने गेले होते. मिश्रण केलेल्या द्रवांचं तापमान काढायचं त्याचं सूत्र प्रसिद्ध आहे. विजेत तो आला तोही मोजमापाच्या ध्यासाने. बाकीचे लोक ठिणगी किती मोठी, धक्का किती जोराचा एवढंच बोलत होते; रिखमानने १७४५ मध्येच एक यंत्र केलं होतं. धातूची एक उभी पट्टी, तिच्याशी टेकून लोंबणारा अळशीचा धागा आणि मागे अंशांच्या खुणा केलेला वर्तुळाचा चतुर्थांश. पट्टीत जितकी वीज तितका धागा पट्टीपासून दूर उठणार. किती अंश उठला ते वाचायचं. इतकी साधी आणि इतकी नेमकी कल्पना! मार्लीत वीज दिसली होती, रिखमानला ती अंकात हवी होती.

वासिलेव्स्की बेटावरच्या आपल्या घराच्या छपरावर त्याने बूड काढलेल्या बाटलीतून लोखंडी सळई वर काढली. तिला जोडलेली तार घराच्या आत, कुठेही भिंतीला न शिवता, एका दालनापर्यंत आणली. तिथे यंत्राची पट्टी, तिचं खालचं टोक पितळेचा चुरा भरलेल्या काचेच्या भांड्यात. म्हणजे सळईपासून धाग्यापर्यंत सगळं काचेवर. मार्लीसारखंच, फक्त इथे सळई बागेत नव्हती, घरात शिरली होती. त्याचा मित्र मिखाइल लोमोनोसोव्ह, मासेमाऱ्याचा मुलगा आणि रशियन विज्ञानाचा पाया घालणारा माणूस, याने आपल्या घरी असंच यंत्र लावलं होतं. सप्टेंबर १७५३ मध्ये अकादमीच्या जाहीर सभेत दोघे आकाशातल्या विजेवर बोलणार होते.

२६ जुलै १७५३, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे. आपल्या तारखेने ६ ऑगस्ट. अकादमीची बैठक चालू असताना लांबून गडगडाट ऐकू आला. रिखमान उठला आणि घराकडे निघाला. सोबत अकादमीचा कोरक्या इव्हान सोकोलोव्ह होता. यंत्राचं चित्र जाहीर सभेच्या पुस्तिकेत छापायचं होतं, म्हणून त्याला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. दोघे यंत्रापाशी पोचले. रिखमान आकडा वाचायला सळईपासून फूटभरावर वाकला. सोकोलोव्हने पाहिलं: सळईतून मुठीएवढा निळसर पांढरा आगीचा गोळा सुटला आणि रिखमानच्या कपाळावर गेला. आवाज न करता तो मागे कोसळला. सोकोलोव्ह स्वतः जमिनीवर फेकला गेला. दाराची चौकट फाटली, दार उखडलं.

त्याच वेळी लोमोनोसोव्ह आपल्या घरी तारेतून ठिणग्या काढत होता. जेवण थंड होतंय म्हणून बायकोने हाक मारली आणि तो यंत्रापासून उठला. जेवायला बसून काही मिनिटं झाली असतील, रिखमानचा नोकर रडत, धापा टाकत दारात आला. लोमोनोसोव्ह धावत गेला. कपाळावर चेरीच्या रंगाचा एक डाग होता. पाय निळे पडले होते, एका पायातला बूट फाटला होता, पण जळला नव्हता. कपाळातून शिरलेली वीज पायांतून जमिनीच्या फळ्यांत उतरली होती. शरीर अजून गरम होतं म्हणून त्यांनी श्वास परत आणायचे प्रयत्न केले. व्यर्थ.

त्याच दिवशी लोमोनोसोव्हने आपला आश्रयदाता इव्हान शुवालोव्ह याला पत्र लिहिलं. मित्र कर्तव्य करताना गेला, हे मरण गौरवाचं आहे, असं त्यात आहे. पण पत्राचा बराच भाग व्यवहाराचा आहे. विधवेला निर्वाहाचं काही करा, पाच वर्षांचा मुलगा आहे, त्याचं शिक्षण झालं पाहिजे. आणि हे मरण विज्ञानाविरुद्ध वापरलं जाऊ देऊ नका. मित्राचं प्रेत पाहून आलेला माणूस संध्याकाळी असं पत्र लिहितो, यातच त्याची माया कळते. जाहीर सभा रद्द झाली. लोमोनोसोव्हने पाठपुरावा करून ती नोव्हेंबरमध्ये घ्यायला लावली आणि आकाशातल्या विजेवरचं आपलं भाषण दिलं. हवेच्या वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या प्रवाहांच्या घर्षणातून ढगात वीज तयार होते, असं त्याने मांडलं. तपशील आज वेगळा आहे, पण वर-खाली वाहणारी हवा आणि कणांची आदळाआपट हा गाभा त्याला बरोबर दिसला होता.

रिखमानला कशाने मारलं? वीज पडणं म्हणजे ढगातला प्रभार जमिनीत उतरणं. सरासरी तीस हजार अँपिअरचा प्रवाह, तोही सेकंदाच्या अगदी लहान अंशात, आणि त्याच्या वाटेतली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या कितीतरी पट तापलेली. या प्रवाहाला जमीन हवी असते. रिखमानच्या सळईने तो छपरावरून दालनात आणला आणि तिथे, काचेच्या भांड्यात, वाट संपवली. तिथून जमिनीकडे जायचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे यंत्रावर वाकलेल्या प्राध्यापकाचं डोकं, धड आणि पाय. यंत्र मोजायला उत्तम होतं. मोजण्यासाठी ते जमिनीपासून तोडावंच लागत होतं. आणि तेच जीवघेणं ठरलं. फ्रँकलिनची ती सूचना, ज्या तारेचं दुसरं टोक छपराच्या शिशाला जोडायचं ती तार, पीटर्सबर्गच्या दालनात नव्हती.

हीच सळई जमिनीत गाडली की घर वाचवते. फ्रँकलिनने १७५३ च्या आपल्या पंचांगात लोकांसाठी कृती दिली: छपराच्या वर काही फूट टोक काढा, भिंतीच्या बाहेरून खाली आणा आणि दुसरं टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट पुरा. यासाठी त्याने पेटंट घेतलं नाही.

तरीही लोक घाबरले, आणि घाबरणं समजण्यासारखं होतं. बॉस्टनला १७५५ मध्ये भूकंप झाला तेव्हा एका धर्मोपदेशकाने दोष सळयांना दिला. त्या आकाशातली वीज जमिनीत भरतात म्हणून जमीन हादरते. मोराव्हियात प्रोकोप दिविश या पाद्र्याने १७५४ मध्ये शेकडो टोकं असलेलं यंत्र उभारलं. पुढे दुष्काळ पडला तेव्हा गावकऱ्यांनी ते मोडून टाकलं. आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते असं अजून म्हणतात, मृगाच्या पहिल्या पावसात पायाळू मुलाला घरात कोंडून ठेवणाऱ्या आया अनेकांनी पाहिल्या असतील. युरोपात उपाय होता घंटा वाजवण्याचा. गडगडाट सुरू झाला की चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा जोरात वाजवायच्या, त्या आवाजाने वीज फुटते अशी श्रद्धा. पण मनोरा गावातली सर्वांत उंच जागा, आणि पावसाने भिजलेला दोर घंटावाल्याच्या हातात. म्युनिकमध्ये १७८४ साली छापलेल्या एका पुस्तकात हिशोब आहे: तेहतीस वर्षांत ३८६ चर्चच्या मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटावाले मेले. तेही रिखमानसारखेच गेले, आपलं काम करताना. त्यांची नावं कुठे नाहीत. व्हेनिसच्या सेंट मार्कच्या मनोऱ्यावर शतकानुशतकं वीज पडत आली होती, १७४५ मध्ये तर मोठं नुकसान झालं. पुढे सळई बसवली आणि तो त्रास संपला.

फ्रान्समधल्या सेंत-ओमेरला विसेरी नावाच्या वकिलाने १७८० मध्ये घरावर सळई लावली. शेजाऱ्यांनी तक्रार केली की याच्यामुळे वीज आमच्यावर पडेल, आणि स्थानिक न्यायालयाने सळई उतरवायचा हुकूम दिला. अपिलात विसेरीची बाजू अरासच्या एका तरुण वकिलाने मांडली. विज्ञानाचे शोध न्यायालयांनी अज्ञानाने अडवू नयेत असा त्याचा युक्तिवाद होता आणि १७८३ मध्ये तो जिंकला. त्या वकिलाचं नाव माक्सिमिलियाँ रोबेस्पिएर. ज्याला आपण गिलोटिनमुळे ओळखतो, त्याची कीर्ती पहिल्यांदा पसरली ती वीजरोधकाच्या खटल्यामुळे.

हा इतिहास जुना झालेला नाही. भारतात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात, आणि त्यांतले बहुतेक शेतात राबणारे. मराठवाड्यात, विदर्भात वळवाच्या पावसात बातमी येते: पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबले होते. झाड हे रिखमानच्या सळईसारखंच असतं. ते वीज वरून घेतं, पण लाकूड तिला नीट वाट देत नाही, मग बुंध्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून ती जमीन गाठते. क्वाफियेला तीन बाटल्यांच्या तिवईवर जे दिसलं आणि रिखमानला प्राण देऊन जे कळलं, ते शेतात काम करणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचायला हवं.

म्हणून वाचकांना हात जोडून सांगणं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ हे ॲप घरातल्या निदान एका फोनवर असू द्या. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगतं. गडगडाट ऐकू आला की झाड सोडून पक्क्या घरात किंवा पत्र्याचं छप्पर असलेल्या बंद गाडीत जा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. आणि तुमच्या गावात शाळेवर, देवळाच्या कळसावर, पाण्याच्या टाकीवर वीजरोधक बसवलेला असेल, तर वर चमकणारं टोक पाहून समाधान मानू नका. खाली जमिनीपर्यंत या आणि अर्थिंगची पट्टी अखंड आहे का, तिचा सांधा गंजून तुटलेला नाही ना, कोणी तांब्यासाठी ती कापून नेलेली नाही ना, हे मे महिना संपायच्या आत पाहून घ्या. तुटलेली दिसली तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि जोडून घेईपर्यंत पिच्छा सोडू नका.